मुळं नसलेली त्रेचाळीस गवतं

सोमवार, १६ जुलै १९७३. सकाळी साडेदहा. सांगलीतल्या एका कॉलेजची वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा.

हजर: विभागप्रमुख सर. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे चौदा विद्यार्थी, त्यांत मुली तीन. प्रयोगशाळेचे शिपाई दत्तूमामा. चौदा जणांत शेवटची मी.

शेवटची, म्हणजे उंचीनं नव्हे. सरांच्या हातात दुसऱ्या वर्षाच्या निकालाचा कागद होता आणि ते गुणांच्या उतरत्या क्रमानं नावं वाचत होते. ही त्यांची दरवर्षीची पद्धत. मायक्रोस्कोप सहा होते. दोघांत एक, याप्रमाणे ते पहिल्या बारा जणांना मिळाले. तेरावा मुलगा बड्या बागायतदाराचा, सरांच्या घरी जाणं-येणं असलेला. त्याला सरांनी स्वतःच्या टेबलावरचा मायक्रोस्कोप दिला. "जपून रे," म्हणाले.

मग माझं नाव. चारशेपैकी एकशे अठ्ठ्याऐंशी.

"हिला काय द्यायचं?" सरांनी वर्गालाच विचारलं.

मागून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं. बॅऽऽ. वर्ग हसला. सरांनी दटावलं नाही. हसू ओसरेपर्यंत थांबले.

"तू स्लाइडी धू. धुता येतात ना?"

मी धुतल्या. दोन तास बेसिनपाशी, वर्गाकडे पाठ करून. काचेच्या त्या पट्ट्या हातातून निसटू नयेत एवढंच डोक्यात होतं. फुटली असती तर तिचेही पैसे घेतले असते.

तास संपता संपता सरांनी वाळलेल्या गवताची एक काडी वर धरली. "हा पवना. आपल्या पूर्व भागातलं चाऱ्याचं गवत. लिहून घ्या."

मी मान वळवली. तो पवना नव्हता. तोंडातून निघूनच गेलं, "सर, त्यो पवना न्हाई. मारवेल हाय. कांड्यावर पांढरी लव दिसती बघा."

सर्वांनी काडीकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. प्रत्येक कांड्याभोवती बारीक पांढऱ्या केसांचं कडं होतं. लांबूनही दिसत होतं.

सर हसले. "धनगराच्या पोरीनं गवत ओळखलं तर त्यात काय नवल? मेंढरंसुद्धा ओळखतात." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "तुला पास क्लास मिळाला तरी घरच्यांनी गावभर पेढे वाटावेत. त्याच्या पुढचं बघू नकोस."

वर्ग उठला. माझे हात ओले होते. पुसायचं सुचलं नाही.

ते एकशे अठ्ठ्याऐंशी कसे पडले, तेही लिहिते.

आमची वाडी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. घरात तात्या, म्हणजे माझे वडील, आई, आणि तात्यांची थोरली बहीण ठकूबाई. ती माझी आत्ती. लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि मेंढरांमागं लागली. एकशे वीस मेंढरं होती. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला, पाणी संपलं. काही मेली, काही तात्यांनी मिळेल त्या भावात विकली. एकतीस उरली. नोव्हेंबरात मी कॉलेज सोडून घरी गेले आणि फेब्रुवारीपर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडली. पुस्तकं सोबत नेली होती. खडीच्या ढिगावर ती उघडायची सोय नव्हती. एप्रिलमध्ये परीक्षेला बसले तेव्हा बोटं पेन धरायला वाकत नव्हती.

हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. गुणपत्रिकेत खडीचा रकाना नसतो.

सोळा जुलैच्या संध्याकाळी वसतिगृहात वहीचं शेवटचं पान उघडलं. दुसऱ्या वर्षाचे चारशे आणि तिसऱ्याचे आठशे मिळून बाराशे गुणांवर वर्ग ठरायचा. पहिल्या वर्गाला सातशे वीस लागत. त्यांतून एकशे अठ्ठ्याऐंशी वजा केले. राहिले पाचशे बत्तीस. आठशेपैकी पाचशे बत्तीस, चौदांत शेवटच्या मुलीनं.

पहिला वर्ग का? पहिला वर्ग असेल तर एम.एस्सी.ला प्रवेश. एम.एस्सी. असेल तर प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहता येतं. मला त्या बाजूला उभं राहायचं होतं. आणि कागद उतरत्या क्रमानं वाचायचा नव्हता.

पाचशे बत्तीस हा आकडा मी लाल शाईनं चौकटीत लिहिला. त्याखाली आठवडे मोजले. प्रत्येक आठवड्यासमोर धडे. इंग्रजी शब्द रोज पंधरा. अडचण एकच लिहिली: मायक्रोस्कोप.

ती दत्तूमामांनी सोडवली. तिसऱ्या दिवशी ते बेसिनपाशी आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, कॉलेज साडेसातला. मी सातला झाडाय येतो. झाडताना माझं लक्ष खाली असतंय. टेबलावर कोण काय करतंय, मला दिसत न्हाई."

"मामा, सरांना कळलं तर?"

"सर आठाच्या आधी उठत न्हाईत. लय खात्रीची बातमी हाय. त्यांच्या बंगल्यावर दूध माझा मेव्हणा घालतो."

त्या दिवसापासून रोज अर्धा तास. पेठेतल्या हळदीचा वास सगळ्या रस्त्यानं अंगावर घेत सातला पोचायचं, मामांनी दार उघडायचं. मी पहिल्यांदा पानाचा काप काचेखाली पाहिला तेव्हा मामा झाडू थांबवून म्हणाले, "काय दिसतंय?"

"खोल्या, मामा. नुसत्या खोल्या. ओळीनं."

"चाळ म्हण की."

ऑगस्टच्या चाचणीत मला शंभरात अठ्ठावन्न पडले. सप्टेंबरात सदुसष्ट. वहीत मी आलेख काढला. रेघ वर चालली होती.

सप्टेंबरच्या शेवटी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले. जुलैनंतर प्रथमच माझ्याशी थेट बोलत होते, आणि आवाज मऊ होता.

"त्या दिवशी तू म्हणालीस ते बरोबर होतं. मारवेलच. माझा प्रबंध चाललाय. पूर्व भागातली चराऊ गवतं. तू दिवाळीला घरी जाशील. येताना नमुने घेऊन ये. प्रत्येकाचं तिकडचं नाव, कुठं उगवतं, मेंढ्या कधी खातात, सगळं लिहून. मुळासकट हं. मूळ नसेल तर नमुना अपुरा."

"आणीन, सर."

"प्रॅक्टिकलचे दोनशे गुण असतात, ठाऊक आहे ना? त्यांतले निम्म्याहून जास्त इथल्याच हातात असतात." त्यांनी आपला हात टेबलावर पालथा ठेवला.

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर आनंद झाला. वाटलं, सरांनी मला ओळखलं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. दिवाळीत घरी गेले तर माळ कमरेइतका उभा. कुसळी, पवना, मारवेल, शिंपी, मोशी. दोन वर्षांनी गवत आलं होतं आणि खायला एकतीस मेंढरं. आत्ती माळावर उभी राहून नुसती बघायची.

पहिल्या सकाळी मी मारवेलीचा बुडखा धरला आणि उपटायला लागले. आत्तीनं मनगट धरलं.

"उपटू नगं."

"आत्ती, सरांनी मुळासकट सांगितलंय."

"सांगू दे. औंदा जीव धरलाय त्यानं. मूळ ऱ्हाऊ दे. दुस्काळानंतरच्या पयल्या गवताचं मूळ काढत न्हाईत आपल्यात."

"एकच काडी हाय गं."

"एकच म्हणून समद्यांनी उपटलं, तर माळावर काय ऱ्हाईल? मेंढरूबी वरचं खातं आन मूळ सोडतं. तू मेंढरापरीस शाणी हायस न्हवं?"

"न्हाई उपटलं तर नमुना अपुरा म्हणत्यात."

"मग सरास्नी म्हणावं, मूळ पायजे तर सवता या. हितं माझ्यासमूर उपटा."

तिनं कमरेचा विळा काढून दिला. आत्तीचा विळा डावखुरा होता, ती डावरी होती. माझ्या उजव्या हातात तो नीट बसेना, म्हणून कापायचं काम तिनंच केलं. प्रत्येक काडी जमिनीपासून चार बोटांवर, उलट्या बाजूनं तिरकी. मी नाव विचारायचे, ती सांगायची, मी लिहायचे. हे कोवळेपणी खातात, कुसळ धरल्यावर सोडतात. हे पोटफुगीला चालतं. हे गाभण मेंढीला देऊ नये. दहा दिवसांत त्रेचाळीस गवतं झाली. वर्तमानपत्रात घालून, वर घोंगडं आणि घोंगड्यावर पाट्याचा दगड ठेवून दाबली. निघताना आत्तीनं गठ्ठा स्वतःच्या हातानं बांधला आणि एस.टी.त माझ्या मांडीवर ठेवला. टपावर टाकू दिला नाही.

सरांनी गठ्ठा उघडला. पहिलाच नमुना पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"मुळं कुठायत?"

मी आत्तीचं सगळं सांगितलं. ते हसले. "अडाणीपणा आहे हा." मग माझे कागद चाळले. चाळता चाळता हसू गेलं. एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागले. "बरं," म्हणाले. "चालेल. ठेव."

जानेवारीत दत्तूमामांनी सकाळी सात वाजता एक कपाट उघडून दाखवलं. माझी गवतं जाड पांढऱ्या कागदांवर चिकटवलेली होती. खाली उजव्या कोपऱ्यात छापील लेबल. गवताचं शास्त्रीय नाव, गाव, तारीख. आत्तीची वाक्यं इंग्रजीत. आणि 'गोळा करणारा' या शब्दापुढं सरांचं नाव. त्रेचाळीस वेळा.

"वाच की," मामा म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "तुझं नाव कुठं लिवलंय ते दाव मला."

मी म्हणाले, "असेल आत कुठंतरी." आणि कपाट बंद केलं.

त्या दिवशी दुपारी मी सरांना विचारलं. फार हळू विचारलं. ते वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "बांधकामावर विटा वाहणाऱ्यांची नावं दगडावर कोरतात का? अभ्यास कर. किती हवेत तुला, पाचशे बत्तीस ना?"

तो आकडा त्यांना कसा कळला, मला आजही माहीत नाही. वही बहुधा कुणीतरी चाळली असावी. पण त्यांच्या तोंडून माझा आकडा ऐकला आणि मी परत फिरले.

मी दोन महिने गप्प राहिले. हे लिहायलाच हवं. रोज सकाळी सातला त्या कपाटासमोरून जाऊन मी मायक्रोस्कोपवर बसत होते आणि कपाटाकडे बघत नव्हते. आलेखाची रेघ वर जात होती. पूर्वपरीक्षेत लेखीत मी वर्गात तिसरी आले. गप्प राहण्याचा भाव मला रोज मिळत होता आणि मी तो घेत होते. दत्तूमामा एकदाच म्हणाले, "गवत कुणी कापलं म्हणालीस?" मी मायक्रोस्कोपवर वाकले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सातला दार मात्र उघडत राहिले.

मार्चचा पहिला आठवडा. प्रॅक्टिकल परीक्षेला एकोणीस दिवस होते. विद्यापीठातून सरांच्या प्रबंधाचे मार्गदर्शक आले, संग्रह बघायला. म्हातारे, बारीक, बंद गळ्याचा कोट. मला सरांनी कपाटातून कागद काढून द्यायला उभं केलं. दत्तूमामा चहाचा ट्रे घेऊन दारात. बाकी कुणी नाही.

मार्गदर्शकांनी दहा-बारा कागद पाहिले. मग चष्मा कपाळावर चढवला.

"मुळं एकाही नमुन्याला नाहीत. का?"

"जमीन फार कठीण होती, सर," आमचे सर म्हणाले. "मी दहा दिवस तो माळ पायाखाली घातला. कुदळ लागेना. ही मुलगी त्याच भागातली, सोबतच होती." माझ्याकडे वळले. "सांग गं सरांना. किती फिरलो आपण."

एक शब्द हवा होता. होय. त्या शब्दाला पाचशे बत्तीस मिळाले असते.

माझ्या डोळ्यांसमोर आत्तीनं धरलेलं मनगट नव्हतं, माळ नव्हता. मला दिसलं ते बेसिन. मी 'होय' म्हटलं असतं तर पहिला वर्ग मिळाला असता, एम.एस्सी. झालं असतं, टेबलाच्या पलीकडं मी उभी राहिले असते. आणि तिथं उभं राहून जन्मभर याच माणसाच्या स्लाइडी धूत राहिले असते.

"न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"सर माळावर आलेच न्हाईत. जमीन कठीण नव्हती, पाऊस लय झालेला. हे माझ्या आत्तीनं कापलंय, आन मी लिवलंय. दुस्काळानंतरचं पयलं गवत आमच्यात उपटत न्हाईत, म्हणून मूळ न्हाई. आत्ती डावरी हाय. काप बघा, समद्यास्नी उलट्या बाजूनं हाय. आमच्या सरांचा हात उजवा."

दारात कपबश्या वाजल्या. दत्तूमामांचा ट्रे हलला होता.

मार्गदर्शकांनी एक कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला. दुसरा नेला. तिसरा नेला. "डाव्या हातानं कापलंय खरं," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. मी वाट पाहिली. त्यांनी कागद खाली ठेवला, चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "चहा गार होतोय."

दोघं चहा प्याले. विद्यापीठातल्या कुणाच्या तरी बढतीबद्दल बोलले. जाताना सर माझ्याजवळ थांबले. रागावले नाहीत. आवाज सप्टेंबरसारखाच मऊ.

"प्रॅक्टिकलला भेटू."

निकाल जूनमध्ये लागला. लेखी सहाशेपैकी चारशे एकतीस. चौदांत पहिली. प्रॅक्टिकल दोनशेपैकी अठ्ठ्याण्णव. चौदांत शेवटची. बेरीज पाचशे एकोणतीस. तीन गुण कमी. तेराव्या मुलाला प्रॅक्टिकलमध्ये एकशे सत्तर होते.

प्रॅक्टिकलचे गुण सरांनी कापले याचा माझ्याकडे पुरावा नाही. म्हणून माझ्या वहीत ते 'संशय' या शब्दाखाली लिहिलेलं आहे. पुरावा आहे तो गवताचा, म्हणून गवतापुरतंच बोलते.

दत्तूमामांनी गुणपत्रिका हातात घेतली, उलटी-सुलटी केली. "किती कमी?"

"तीन."

"बोलली नसतीस तर?"

"बसले असते."

त्यांनी गुणपत्रिका घडी करून परत दिली. म्हणाले, "माझ्या तोंडानंबी बोललीस त्या दिवशी." आणि झाडू घेऊन आत गेले.

आत्तीला तीन गुण काय ते कळेना. मी समजावलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मूळ का न्हाई, ते सांगितलंस का?" सांगितलं म्हटल्यावर पुढं विचारलं नाही.

एम.एस्सी. झालं नाही. बी.एड. केलं. साताऱ्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, बावीस वर्षं झाली. माझ्या प्रयोगशाळेत दोनच मायक्रोस्कोप आहेत. ते हजेरीपटाच्या क्रमानं मिळतात, आणि दर आठवड्याला क्रम उलटा होतो. सरांना पदवी मिळाली. प्रबंध मी वाचला आहे. त्यात मुळांबद्दल एक ओळ आहे: जमीन कठीण असल्यामुळे मुळे घेता आली नाहीत. आत्ती वारली त्याला सहा वर्षं झाली. दत्तूमामा त्याआधीच गेले.

त्या लेबलांवरचं नाव दुरुस्त करा म्हणून कॉलेजला मी तीन पत्रं पाठवली. तिसऱ्याला उत्तर आलं. मग गेल्या महिन्यात स्वतः गेले. नवे विभागप्रमुख तरुण आहेत, नम्र आहेत. खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, तुमच्या भावना समजतात. पण आता सरही रिटायर झाले. जुनी नोंद बदलता येत नाही."

कपाट तेच आहे. त्यांनी उघडून दिलं. मी सगळे कागद मोजले. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. प्रत्येक काप उलटा, तिरका. क्रमांक लिहून घेतले.

वनस्पतींच्या संग्रहात एक रीत असते. चूक आढळली तर जुनं लेबल काढायचं नाही, खोडायचं नाही. दुरुस्तीचं लेबल त्याच्या शेजारी चिकटवायचं, खाली आपली सही आणि तारीख. म्हणजे चूकही राहते आणि दुरुस्तीही, आणि पुढच्या माणसाला दोन्ही वाचता येतात. हे मला सरांनीच शिकवलं आहे. तिसऱ्या वर्षी, पहिल्या सत्रात. माझ्या वहीत ते लिहून घेतलेलं आहे.

तेव्हा नोंद बदला असं मी आता म्हणणार नाही. परवानगीही मागणार नाही. पुढच्या सोमवारी रजा टाकली आहे. सांगलीची सकाळची एस.टी. धरणार आहे. तरुण साहेबांसमोर, दिवसाउजेडी, कपाट उघडायला सांगणार आहे. नाही उघडलं तर त्याच्या पुढच्या सोमवारी जाईन. माझ्या रजा शिल्लक आहेत.

लेबलं मी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहेत. प्रत्येकावर तीन ओळी. कापणारी: ठकूबाई, डावखुरा विळा. लिहिणारी: मी, पूर्ण नावानं. शेरा: मूळ मुद्दाम जमिनीत ठेवलं.

डिंक घेतला. ब्रश घेतला. लेबलं तयार, त्रेचाळीस.

चिकटवलेली: शून्य.